पांढरी एक सोडून मोझार्ट कुठे जातो?

घरात पेटी असेल तर भाता सोडा आणि पांढरी एक धरा. हा आपला सा. तो जरा लांबवा, मग ग, मग प. तिथून एकदम खाली उतरून मंद्र सप्तकातला नि, आणि लगेच सा रे सा. नाव माहीत नसलं तरी ही सुरावट बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. मोझार्टच्या सी मेजर पियानो सोनाटाची ही सुरुवात. 26 जून 1788 ही तारीख घालून त्याने हा सोनाटा आपल्या कामाच्या वहीत नोंदवला आणि त्याचं वर्णन केलं, ‘नवशिक्यांसाठी छोटा सोनाटा’. त्याच तारखेला त्याच वहीत त्याच्या 39व्या सिंफनीचीही नोंद आहे. नवशिक्यांसाठी असला तरी या सोनाटात एक लबाडी दडलेली आहे. तिच्यापर्यंत जायला थोडी वाट चालावी लागेल.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरू. आपण ‘वेस्टर्न क्लासिकल’ म्हणतो तेव्हा बाखपासून स्ट्राव्हिन्स्कीपर्यंत सगळे एकाच पोत्यात भरतो. तिकडच्या इतिहासकारांचा ‘क्लासिकल’ काळ मात्र जेमतेम सत्तर वर्षांचा, साधारण 1750 ते 1820. बाख 1750 मध्ये वारला, म्हणजे तो या हिशेबात बसत नाही. या काळाचं मुख्य गाव व्हिएन्ना आणि मुख्य माणसं तीन: हायडन, मोझार्ट आणि तरुणपणचा बेथोव्हेन. सिंफनी, सोनाटा, चार तंतुवाद्यांचं क्वार्टेट हे प्रकार याच काळात घट्ट झाले. ही नावं वेगवेगळी असली तरी बहुतेकांच्या पोटात, निदान पहिल्या भागात, एकच यंत्र चालतं. ते यंत्र म्हणजे पट्टी बदलणं.

आपल्या मैफलीत असं होत नाही. गवयाने काळी एक सांगितली की तंबोरे तिथे जुळतात आणि शेवटची भैरवी संपेपर्यंत सा जागचा हलत नाही. रागाची सगळी गंमत या अढळ सा पासून कोण किती दूर आहे यात असते. क्वचित एखादा गवई षड्ज चालवून दुसऱ्याच सुराला सा केल्याचा भास देतो, पण तंबोरा मागे वाजतच असतो, म्हणून तो भासच राहतो. व्हिएन्नाच्या संगीतात मागे तंबोरा नाही. तिथे सा खरोखरच घर सोडून जातो.

जातो कुठे? पहिला मुक्काम बहुधा पंचमावर. यामागे साधं ध्वनिशास्त्र आहे. सेकंदाला 240 कंपनांचा सा धरला तर त्याचा प 360 कंपनांचा, म्हणजे 2:3. सा ची तार छेडली की नुसती 240 कंपनं होत नाहीत, त्यांच्यासोबत 480, 720 अशी तिची पिल्लंही वाजतात. तंबोऱ्यात न छेडलेला गंधार ऐकू येतो तो असाच. आता 360 च्या प ची पिल्लं पाहा: पहिलंच 720. दोघांच्या घरात एक माणूस सामाईक! म्हणून सा आणि प एकत्र वाजले की कानाला खुपत नाहीत. (आधुनिक पियानोत तो प 360 ऐवजी 359.6 च्या आसपास लावतात, कारण बाराही पट्ट्या एकाच वाद्यावर चालवायच्या तर प्रत्येक पंचमाला थोडं नमतं घ्यावं लागतं. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानांची पेटीबद्दलची तक्रार हीच तर आहे.)

पेटीवर याचा पडताळा घेता येतो. पांढरी पाच म्हणजे आपला प. तिलाच सा म्हणा आणि शुद्ध सुरांचं सप्तक वाजवा. सातपैकी सहा सूर आधीचेच लागतात, फक्त जुना शुद्ध मध्यम जाऊन तिथे तीव्र मध्यम येतो. बिलावलमधून यमनात पाऊल पडावं तसं. पट्टी बदलली याची वर्दी हा एक सूर देतो.

मोझार्टच्या सोनाटात हे अर्ध्या मिनिटाच्या आत घडतं. डावा हात सुरुवातीपासून सा प ग प, सा प ग प असं गिरमिट फिरवत असतो. त्या काळच्या पियानोचा आवाज चटकन विरायचा, तेव्हा सूर एकत्र दाबून ठेवण्यापेक्षा असे सुटे फिरवत ठेवले की भरणा टिकतो. उजवा हात आपली सुरावट सांगतो, मग सरळ आरोह-अवरोहांच्या सरी येतात (रियाजाचे पलटेच म्हणा), एक क्षण थांबतो, आणि दुसरी सुरावट सुरू होते ती पांढरी पाचमध्ये. मांडणी इथे 28व्या आवर्तनाला संपते, घरापासून दूर. ऐकणाऱ्याला पट्टीचं नावही माहीत नसतं, तरी काहीतरी बाकी आहे हे त्याला कळतं.

पुढे उलथापालथ. प हाच सा, पण गंधार कोमल होतो आणि उजेड एकदम उतरतो. अशी फक्त 13 आवर्तनं. मग नियमाप्रमाणे मूळ सुरावट मूळ पट्टीत परत यायला हवी. या साच्याला ‘सोनाटा फॉर्म’ हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी रूढ केलं, ते मोझार्टला माहीत नव्हतं, पण रिवाज त्यालाही ठाऊक होता.

आणि इथेच लबाडी. सुरावट येते खरी, पण पांढरी चारमध्ये, मध्यमाला सा करून! घर समजून आपण शेजारच्या दारात उभे असतो. का? पहिल्या वेळी रस्ता सा कडून प कडे गेला होता. तोच रस्ता म पासून चालला तर माणूस कुठे पोचतो? पांढरी चारचा पंचम म्हणजे वरची पांढरी एक. म्हणजे जवळजवळ तीच वाट पुन्हा चालायची आणि दुसरी सुरावट आपोआप घरी उतरते. काही जण याला आळस म्हणतात. मला तो आळस वाटत नाही, एवढा नेमका आळस फार कष्टाने येतो.

ही अपेक्षा नक्की कुठे तयार होते, यावर जर्मनीत लायप्झिगला स्टेफान कोल्श आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केले. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात संगीत न शिकलेल्या लोकांना स्वरसंघातांच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांच्या, ओळी ऐकवल्या आणि मध्येच परक्या पट्टीतला एक संघात टाकला. डोक्यावर लावलेल्या तारांनी मेंदूची विद्युत-प्रतिक्रिया टिपली: सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत. म्हणजे पट्टीचं व्याकरण नुसतं ऐकून ऐकून अंगात मुरतं. आपले कान सा एका जागी ऐकत वाढले, त्यामुळे हे संगीत पहिल्यांदा कुठेच न थांबणारं वाटू शकतं. दोनदा-तीनदा तोच तुकडा ऐकला की घर सापडतं.

अपेक्षेशी खेळण्यात हायडनचा हात कोणी धरणार नाही. 1761 पासून तो एस्टरहाझी सरदारांच्या पदरी होता. जगापासून तुटल्यामुळे आपल्याला नवं शोधणं भागच पडलं, असं तो म्हातारपणी सांगायचा. त्याच्या 1781च्या एका क्वार्टेटच्या शेवटी सुरावटीचे तुकडे पडतात, मध्ये शांतता. टाळ्या वाजवाव्यात तर पुन्हा एक तुकडा. मग लांबलचक शांतता, आणि सुरावटीची पहिली ओळ परत. खलास. सम दाखवून हात मागे घेणाऱ्या तबलजीची आठवण यावी!

बेथोव्हेनने हेच यंत्र ताणून ताणून मोठं केलं. मोझार्टच्या 13 आवर्तनांच्या जागी त्याच्या तिसऱ्या सिंफनीत, ‘एरोइका’त, उलथापालथ 240 हून अधिक आवर्तनं चालते. तिच्या शेवटी व्हायोलिनं पंचमाच्या संघातावर थरथरत थांबलेली असतात, सगळा वाद्यवृंद घरी जायच्या बेतात, आणि चार आवर्तनं आधीच एक हॉर्न मूळ पट्टीत मूळ सुरावट वाजवून मोकळा होतो. खाली सा, वर प चा संघात. ऐकायला चक्क चूक.

पहिल्या तालमीला शिष्य फर्डिनांड रीस बेथोव्हेनशेजारी उभा होता. हॉर्नवाल्याला मोजता येत नाही का, असं तो वैतागून म्हणाला. रीसने पुढे आठवणींत लिहिलं आहे की त्या वेळी थोबाडीत बसायचीच बाकी होती, आणि गुरुजींचा राग पुढे बरेच दिवस गेला नाही.