दाबणं वेगळं, वळण लावणं वेगळं

इंदूरला रामबागेतल्या मावशीची सकाळ जिरावन मसाल्याच्या डबीपाशी अडते. बोटं आखडलेली, झाकण फिरत नाही. दहा वाजले की तीच डबी मुकाट उघडते. रुमॅटॉइड संधिवात: प्रतिकारशक्ती गैरसमजातून स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. दर मंगळवारी मेथोट्रेक्सेटची गोळी. परवा तिला मोबाइलवर कुणीतरी 'प्रतिकारशक्तीला वळण लावणाऱ्या' इंजेक्शनची बातमी पाठवली. "अरे, माझी गोळी तेच करते ना?"

नाही मावशी. गोळी दंगा दाबते. अडालिमुमॅबसारखी महागडी इंजेक्शनंही तेच करतात: सूज पेटवणारा टीएनएफ नावाचा निरोप्या अडवतात. पण हाच टीएनएफ लपलेल्या टीबीलाही कोंडून ठेवतो, म्हणून ते इंजेक्शन सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींचा मूळ गैरसमज जातच नाही. औषध थांबलं की अनेकांची सूज परत येते.

वळण लावायचं ते त्या गैरसमजाला. शरीरातल्या काही प्रथिनांत आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन होतं आणि मग घरचंच माणूस परकं वाटू लागतं. अँटी-सीसीपी या रक्ततपासणीत दिसतो तो हाच संशय. टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शिपायांना, नमुना दाखवून 'हा चोर' किंवा 'हा आपला' असं सांगणं हे डेंड्रायटिक पेशींचं काम. रुग्णाच्याच रक्तातून त्या तयार करायच्या, प्रयोगशाळेत निवळवायच्या, सिट्रुलिनवाल्या प्रथिनाचा नमुना हाती देऊन परत सोडायच्या. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला रंजिनी थॉमस यांच्या संशोधक गटाने 18 रुग्णांना असं एकेक इंजेक्शन दिलं. निष्कर्ष 2015 मध्ये आले. ते सुरक्षित ठरलं, रक्तातल्या हल्लेखोर टी-पेशीही कमी झाल्या. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी अशा पेशी थेट सुजलेल्या गुडघ्यात सोडल्या. दोन्ही चाचण्या छोट्या, पहिल्या टप्प्याच्या. 'आजार बरा झाला' असं त्यांतून काढणं हा बातमीवाल्यांचा उत्साह.

खरी गंमत मोजण्यात आहे. दाबणाऱ्या औषधाला डीएएस-28 हा आजाराचा जोर सांगणारा आकडा पुरतो: 28 सांधे चाचपायचे, किती दुखतात, किती सुजलेत ते मोजायचं, जोडीला ईएसआर किंवा सीआरपी ही सूज दाखवणारी रक्ततपासणी. (पावलं त्यात धरतच नाहीत. चप्पल चढवताना कळवळणाऱ्या मावशीला हे सांगून पाहा!) वळणाला मात्र हा आकडा अपुरा. रुग्ण मेथोट्रेक्सेटवर असेल तर उतरलेल्या सुजेचं श्रेय कुणाला द्यायचं? म्हणून रक्तातल्या टी-पेशी बघाव्या लागतात, आणि शेवटी देखरेखीखाली जुनं औषध हळूहळू काढून, सूज परतते का, याची वाट पाहावी लागते.

"म्हणजे मी मंगळवारची बंद करून बघू?"

मावशी, तू नाही. ते चाचणीतले डॉक्टर बघतील.