ढगांवर ढग आपटतात म्हणून गडगडतं का?

'उन्हाळ्यात थंड हवेची आघाडी आली की थंड ढग गरम ढगांवर आपटतात, तोच गडगडाट.' हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय, आणि आवाज ऐकून ते खरंही वाटतं.

पण ढग म्हणजे बारीक थेंब आणि हिमकण. धुक्यातून चालताना आपण ढगातूनच चालत असतो, कुठे काही आपटत नाही. आघाडीवर टक्करही तशी होत नाही. थंड हवा जड, ती पाचरीसारखी गरम, दमट हवेखाली घुसते आणि तिला वर ढकलते. वर चढताना ती गार होते, वाफेचं पाणी होतं आणि ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतो. मुसळधार पाऊस येतो तो यातूनच.

टक्कर होते, पण ढगाच्या पोटात: हिमकण आणि छोट्या मऊ गारा एकमेकांना घासतात आणि विद्युतभार वेगळे होतात. मग वीज पडते. तिच्या वाटेतली हवा क्षणात जवळपास 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, झटक्यात फुगते. ऐकू येतो तो या फुगण्याचा धक्का.

पडताळायचंय? घरात बसून लखलखाट दिसताच सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो, म्हणजे नऊ सेकंद तर वीज तीन किलोमीटरवर. आधी उजेड, मग आवाज. क्रम उलटत नाही. आणि कधी खालचे ढग एकीकडे, वरचे दुसरीकडे सरकताना पाहा. एकमेकांवरून जातात, अगदी चिडीचूप.