कोकण–मस्कत अंतर

कोकण–मस्कत अंतर : कोकण किनाऱ्यावरील वा त्यालगतचे विमानतळ आणि ओमानची राजधानी मस्कत येथील विमानतळ यांमधील अंतर व ते कापण्यास लागणारा काळ. बृहद्‌वृत्ताने, म्हणजे भूपृष्ठावरील सर्वांत आखूड रेषेने, मुंबई–मस्कत अंतर सुमारे १,५९० किमी. आणि मोपा (उत्तर गोव्यातील विमानतळ)–मस्कत अंतर सुमारे १,८५० किमी. (जवळजवळ १,००० सागरी मैल) भरते. निरनिराळ्या कोष्टकांत काही किमी.ची तफावत दिसते. कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरतो, कोणी ध्रुवांशी चपटी. शिवाय मोजणी शहरापासून नव्हे, विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून होते. नकाशावरची सरळ रेषा व बृहद्‌वृत्त यांतला फरक मुंबई–लंडन मार्गावर मोठा असतो, येथे मात्र नगण्य आहे.

मुंबईहून विमानाला साधारणतः अडीच ते पावणेतीन तास लागतात. ओमानचे घड्याळ दीड तास मागे असल्याने तिकिटावर जाताना तासाभराचा, तर येताना चार तासांचा प्रवास दिसतो. हिवाळ्यात उंचावरील पश्चिमी वाऱ्यांमुळे परतीचे विमान काहीसे लवकर पोहोचते. पावसाळ्यात समुद्रालगत नैर्ऋत्येचा वारा असतो. दक्षिण कोकणच्या अक्षांशांवर बऱ्याच उंचीवर मात्र तो पूर्वेकडून वाहतो. गलबताला कोकणाकडे ढकलणारा ऋतू विमानाला निदान काही अंशी उलटा जातो.

अरबस्तान–कोकण अंतराचा प्रश्न जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने अरबस्तानातील सायग्रस भूशिरापासून (बहुधा येमेनमधील रास फर्तक) सिंधूच्या मुखाकडील पाटलपर्यंतचे अंतर सुमारे १,३३० रोमन मैल, म्हणजे दोन हजार किमी.च्या आसपास दिले आहे. पुढे त्याच भूशिरापासून सिगेरस या भारतीय बंदराकडे जाणारा मार्ग अधिक सोयीचा ठरला, असे तो म्हणतो. रास फर्तक व मोपा जवळजवळ एकाच अक्षांशावर (सुमारे १५° ४०′ उ.) आहेत, म्हणजे त्या भूशिरापासून सरळ पूर्वेला हाच किनारा येतो, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी. सिगेरस कोणते, यावर एकमत नाही. काही अभ्यासक ते जयगड मानतात, काही जंजिऱ्याजवळचे राजपुरी. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरप्रवास-ग्रंथातील मेलिझिगारा या बंदराशीही त्याची सांगड घालतात. जयगड हे नाव मध्ययुगीन किल्ल्याचे असल्यामुळे केवळ उच्चारसाम्यावर भर देणे धोक्याचे आहे. मात्र शास्त्री नदीच्या मुखाशी मिळणारा आडोसा पाहता स्थाननिश्चिती जयगडच्या बाजूने झुकते. गलबतांना अरबस्तानातून भारताकडे आणणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्याला हिप्पालस म्हणत, की त्या नावाचा तांडेल होऊन गेला, हा वादही मिटलेला नाही. ‘पेरिप्लस’ त्याला माणूस मानतो, प्लिनी वारा. अरब व भारतीय खलाशांना हा वारा त्याआधीच ठाऊक असावा, हे मत अधिक पटते.

मध्ययुगात चौल व दाभोळ येथून आखाताशी व्यापार चाले. आगबोटींच्या काळात मुंबईहून कराची, मस्कत, बसरा अशी टपालसेवा होती. त्या मार्गावरील ‘द्वारका’ ही प्रवासी बोट १९८२ मध्ये थांबली.

मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या प्रवाशाला तो जवळ पडतो. गुहागर किंवा रत्नागिरीहून मुंबईमार्गे निघणाऱ्याचा मात्र रस्त्यावरचा काळ आजही विमानातील काळापेक्षा अधिक असतो.