टॉर्क हवाय ना? मग कॅम निवडताना आधी इनटेक वॉल्व्ह कधी बंद होतो ते बघा

मोठी हार्ले चालवणाऱ्यांना कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, की सोळाशे-सतराशे सीसीचं इंजिन आहे, तरी मागे माणूस, दोन्ही बाजूला सामान, समोर घाट, आणि वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल दिला की गाडी हवी तशी ओढत का नाही. मग कोणीतरी सांगतं कॅम बदल, म्हणजे इंजिनाचे वॉल्व्ह कधी आणि किती उघडायचे ते ठरवणारा दांडा. कॅटलॉग उघडलं की ढीगभर कॅम, प्रत्येकाचा वेगळा नंबर, लिफ्ट (वॉल्व्ह किती उंच उघडतो), ड्युरेशन (किती वेळ उघडा राहतो), आणि मग आपोआप वाटायला लागतं की ज्याचे आकडे मोठे तो कॅम भारी. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. टॉर्क हवा असेल तर बहुतेक वेळा लहान कॅमच घ्या, आणि सगळ्यात आधी एकच आकडा शोधा, इनटेक वॉल्व्ह, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घेणारा, बंद कधी होतो तो.

उदाहरणाला हार्लेचं ट्विन कॅम इंजिन घेतो, कारण कॅम बदलायचं काम या इंजिनावर भरपूर झालंय. १९९९ च्या मॉडेलपासून हे आलं, तेव्हा ८८ क्युबिक इंच म्हणजे १४५० सीसी, मग २००७ ला ९६ म्हणजे १५८४ सीसी, आणि पुढे १०३ म्हणजे १६९० सीसी. त्याच्या आधीच्या इव्होल्युशन मोठ्या इंजिनात एकच कॅमशाफ्ट होता, चार लोबचा (लोब म्हणजे वॉल्व्ह उघडणारा कॅमवरचा उंचवटा). इथे दोन आले, एक पुढच्या सिलिंडरचा आणि एक मागच्याचा, चेनवर फिरणारे. दोन्ही खाली क्रँकच्या (पिस्टन जो दांडा फिरवतात त्याच्या) बाजूला बसतात आणि लांब पुशरॉडने वर हेडमधले वॉल्व्ह उघडतात. म्हणजे कॅम बदलायला हेड उतरवावं लागत नाही, बाजूचं कव्हर उघडलं की कॅम समोर.

आता टॉर्क आणि पॉवरचा गोंधळ आधी मिटवू. टॉर्क म्हणजे क्रँकला मिळणारा पीळ, आणि पॉवर म्हणजे तो पीळ गुणिले फेरे. आपल्या ओळखीची रॉयल एनफिल्डची जुनी क्लासिक ३५० बघा, इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेली युसीई इंजिनवाली, कंपनीचे आकडे होते ४००० आरपीएमला २८ न्यूटन मीटर आणि ५२५० ला १९.८ बीएचपी. उलटं गणित केलं तर ५२५० ला टॉर्क साधारण २७ वर उतरलेला निघतो, तरी पॉवर तिथे जास्त आहे कारण फेरे वाढलेत. आणि ४००० ला, जिथे टॉर्क सगळ्यात जास्त आहे, तिथे पॉवर जेमतेम पावणेसोळा बीएचपी. म्हणजे पॉवरचा मोठा आकडा वरच्या आरपीएमला मिळतो आणि आपण घाटात ज्याला "ओढते" म्हणतो ते खालच्या-मधल्या आरपीएमच्या टॉर्कचं काम आहे. मोठी हार्ले सहाव्या गिअरमध्ये हायवेवर दोन ते अडीच हजारांच्या आसपास फिरत असते. तिथे जे मिळेल तेच तुमचं, पाच हजाराला काय मिळतं याचा रोजच्या चालवण्यात उपयोग फार कमी.

आता मुख्य मुद्दा. शाळेत आपल्याला शिकवलं की पिस्टन खाली जाताना मिश्रण आत येतं, तळाला पोचला की इनटेक वॉल्व्ह बंद, मग वर येताना कॉम्प्रेशन. खऱ्या इंजिनात वॉल्व्ह तळाला बंद होत नाही, पिस्टन वर यायला लागल्यावर बऱ्याच उशिरा होतो. हे मुद्दाम केलेलं असतं. इनटेकच्या नळीतून येणाऱ्या हवेला वजन आहे, वेग आहे, ती लगेच थांबत नाही, म्हणून जास्त आरपीएमला पिस्टन वर निघाला तरी हवा आत घुसतच राहते आणि सिलिंडर जास्त भरतो. पण दोन हजार आरपीएमला हवेचा वेग कमी असतो, तिथे वॉल्व्ह उघडा राहिला तर वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण परत नळीत ढकलतो. आत घेतलेलंच बाहेर गेलं तर टॉर्क कुठून येणार.

किती फरक पडतो ते मी १०३ च्या मापांवर मोजून बघितलं. स्ट्रोक १११ मिलिमीटर. समजा एक कॅम तळानंतर क्रँक ३० अंश फिरल्यावर इनटेक बंद करतो, तर तोवर पिस्टन साडेपाच मिलिमीटरच वर आलेला असतो. ५० अंशांवर बंद करणारा कॅम घेतला तर पिस्टन १५ मिलिमीटर वर आलेला, आणि ६० अंशांवाला घेतला तर जवळपास २२. खरं कॉम्प्रेशन वॉल्व्ह बंद झाल्यावरच सुरू होतं, त्यामुळे कंपनीने दिलेला कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ९.६ असला तरी प्रत्यक्षात पहिल्या कॅमला तो ९.२ च्या आसपास पडतो, दुसऱ्याला ८.४ आणि तिसऱ्याला ७.९. तेच पिस्टन, तेच हेड, आणि फक्त कॅम बदलल्याने खालच्या आरपीएमला इंजिन इतकं ढिलं पडू शकतं. मोठा कॅम टाकून "खाली दमच राहिला नाही" म्हणणाऱ्यांची तक्रार इथून येते.

इथे एक बारकी गोष्ट सांगायला हवी. हार्लेचे कॅम बनवणारे हे अंश साधारणपणे कॅमने टॅपेट (पुशरॉडखालचा तुकडा) ०.०५३ इंच उचललेला असताना मोजतात, वॉल्व्ह पूर्ण बंद होताना नाही. म्हणजे वॉल्व्ह सीटवर खरा त्याच्याही नंतर बसतो, आणि माझे वरचे रेशो प्रत्यक्षात आणखी थोडे कमी निघतील, पण एका कॅमची दुसऱ्याशी तुलना करायला हे आकडे चालतात. फक्त दोन कंपन्यांचे कॅम शेजारी ठेवताना दोघांनी एकाच लिफ्टला मोजलंय का ते बघा, नाहीतर तुलना फसते.

एकाच इंजिनाला दोन्ही गोष्टी हव्या असतात याचा पुरावा आपल्याच रस्त्यावर फिरतोय. यामाहाची आर१५, २०१८ पासूनची, तिच्यात इनटेकसाठी दोन वेगळे कॅम लोब आहेत, ७४०० आरपीएमपर्यंत एक आणि त्याच्या वर दुसरा. खालचा लोब टॉर्कसाठी, वरचा पॉवरसाठी. ट्विन कॅममध्ये अशी सोय नाही, तिथे तुम्हालाच ठरवावं लागतं की कुठल्या आरपीएमला जगायचंय.

बाकीचे आकडे यानंतर. ओव्हरलॅप म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही वॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ, तो जास्त असला की वर फायदा, पण खाली एक्झॉस्टचा गॅस इनटेकमध्ये शिरतो, आयडल डुगडुगतं. अनेकांना तो डुगडुगणारा आवाज आवडतो आणि केवळ त्यासाठी मोठा कॅम घेतला जातो, मला ते पटत नाही, आवाजासाठी रोजचा टॉर्क घालवणं महागात पडतं. लिफ्टचं गणित वेगळं आहे. वॉल्व्ह जास्त उंच उघडला आणि वेळेत बंद झाला तर टॉर्कला फायदाच असतो, पण वॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगची मर्यादा येते. म्हणून ०.५१० इंचाच्या आसपास लिफ्टचे कॅम लोकप्रिय झाले, एस अँड एसचा ५१० त्यातलाच, मूळ स्प्रिंगवर बसावेत अशा हिशोबाने बनवलेले. त्यापुढे जायचं असेल तर आपल्या वर्षाच्या हेडमधली स्प्रिंग किती लिफ्ट सहन करते ते आधी तपासा. जड टूरिंग गाडीसाठी अँड्र्यूजचा २१ नंबर वर्षानुवर्षं सुचवला जातो, तो असाच लवकर बंद होणारा साधा कॅम.

मग प्रत्येकाने सगळ्यात लवकर बंद होणारा कॅम घ्यावा का? तसंही नाही. इनटेक लवकर बंद झाला की खाली सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, हाच टॉर्क, पण हेच नॉकिंगचं, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याचं, कारणही. हे मुख्यतः हवेने थंड होणारं इंजिन आहे, मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला, ट्रॅफिकमध्ये तो चांगलाच तापतो, त्यात चढावर कमी आरपीएमला पूर्ण थ्रॉटल दिला की टिकटिक ऐकू येते. पिस्टन किंवा हेड बदलून कॉम्प्रेशन आधीच वाढवलेलं असेल तर थोडा उशिरा बंद होणारा कॅमच बरोबर बसतो. मूळ कॉम्प्रेशनवर लवकर बंद होणारा, वाढवलेल्या कॉम्प्रेशनवर थोडा उशिराचा, अशी ही जोडी आहे. उशिरा बंद होणारा कॅम मूळ कॉम्प्रेशनवर टाकणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

कव्हर उघडलंच आहे तर आतलं बाकीचं बघून घ्या. २००६ पर्यंतच्या बहुतेक ट्विन कॅममध्ये कॅमच्या चेनचे टेन्शनर (चेन ताणून धरणारे भाग) स्प्रिंगवाले होते, त्यांचे प्लास्टिकचे शूज झिजतात आणि तो चुरा ऑइलमध्ये जातो. २००६ च्या डायना मॉडेलमध्ये आणि २००७ पासून सगळ्यात हायड्रॉलिक आले, ते बरेच टिकतात. आतल्या बाजूच्या कॅम बेअरिंगही त्याच वेळी नव्या टाकतात. पुशरॉडचं म्हणाल तर मूळचे ठरलेल्या लांबीचे असतात, ते तसेच वापरायचे तर टाकी उतरवून रॉकर बॉक्स उघडावे लागतात, म्हणून बरेच मेकॅनिक जुने कापून काढतात आणि लांबी कमी-जास्त करता येणारे बसवतात, वेळ वाचतो. दोन कॅमच्या खुणा एकमेकींसमोर जुळल्यात का हे मात्र चेन चढवल्यावर स्वतः डोळ्याने बघा.

शेवटचं काम मॅपिंगचं, म्हणजे इंधनाचं गणित नव्या कॅमप्रमाणे बसवण्याचं, आणि ते टाळता येत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक ट्विन कॅममध्ये हवा थेट मोजणारा सेन्सर नाही, इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) इनटेकमधलं प्रेशर, तापमान आणि आरपीएम बघतो आणि आधीच भरलेल्या तक्त्यावरून सिलिंडर किती भरला असेल याचा अंदाज करतो. कॅम बदलला की तो तक्ता खोटा ठरतो, कुठे मिश्रण पातळ, कुठे जाड. म्हणून कॅमच्या बजेटमध्येच डायनोवरच्या (टॉर्क-पॉवर मोजणाऱ्या यंत्रावरच्या) ट्यूनिंगचे पैसे धरा, आणि जमलं तर कॅम टाकायच्या आधी एकदा, नंतर एकदा, त्याच डायनोवर गाडी लावा. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले की नजर सगळ्यात उंच टोकाकडे जाते, ती तिथून काढून दोन ते साडेतीन हजाराच्या पट्ट्याकडे न्या, नवी रेघ जुनीच्या वर तिथे असेल तर कॅम बरोबर निवडलाय.