लक्षद्वीपच्या होमस्टेला जाण्यासाठी प्रवेश परवाना: अर्ज नेमका कुठे अडतो

लक्षद्वीप भारतातच आहे, तेव्हा तिकीट काढले की निघता येते, असे समजून आमच्या अर्ज केंद्रावर येणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात १९६७ च्या नियमांनुसार बेटांचे मूळ रहिवासी नसलेल्यांना तेथील प्रशासनाचा प्रवेश परवाना घ्यावा लागतो. भुसावळला थांबणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नावात लक्षद्वीप मिरवत असली, तरी तिचा प्रवास कोचीतल्या एर्नाकुलम स्थानकावर संपतो. कोचीहून पुढचे विमान किंवा जहाज परवान्याशिवाय उपयोगाचे नाही.

अर्ज प्रशासनाच्या ई-परमिट संकेतस्थळावर भरायचा असतो. फोटो, ओळखपत्र आणि शुल्क यांत कोणी अडकत नाही. अर्ज अडतो तो पोलिसांच्या चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रावर. हे प्रमाणपत्र कोचीत मिळत नाही; महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करून, आपल्या पोलीस ठाण्याची पडताळणी झाल्यावर ते मिळते. नोकरीसाठी पूर्वी काढलेले, कंपनीचे नाव छापलेले प्रमाणपत्र जोडल्यामुळे परत आलेले अर्ज मी पाहिले आहेत. म्हणून नवीन अर्जात कारण लिहिताना ‘लक्षद्वीप प्रवेश परवाना’ असे स्पष्ट लिहावे.

दुसरा अडथळा नावाचा. शाळेच्या दाखल्यावर ‘पाटील ज्ञानेश्वर नामदेव’, आधारवर ‘ज्ञानेश्वर नामदेव पाटील’ आणि पॅनवर वडिलांचे नाव गायब, हा प्रकार खान्देशात घरोघरी आहे. माणूस तोच आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असते, पण कागद तपासणाऱ्याला ते ठाऊक नसते. चारित्र्य प्रमाणपत्र, परवान्याचा अर्ज आणि विमानाचे तिकीट या तिन्हींवर नाव आधारप्रमाणे, त्याच क्रमाने असावे. त्याहून चिवट प्रश्न पत्त्याचा असतो: आधारवर चोपड्याजवळचे गाव आणि राहणे पुण्यात असेल, तर गावचा हवालदार ‘अर्जदार येथे राहत नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो. त्याने खरे तेच लिहिलेले असते, त्यामुळे भांडून काही निघत नाही. अर्ज प्रत्यक्ष राहत्या पत्त्यावरून, भाडेकराराची प्रत जोडून करावा.

मुक्काम आणि न्याहारी देणारे होमस्टे अगत्ती, कवरत्ती अशा बेटांवर आहेत. खोली ठरवण्यापूर्वी तो होमस्टे पर्यटन विभागाकडे नोंदलेला आहे का आणि परवान्याच्या कामात यजमान काय मदत करणार, हे फोनवर विचारून घ्यावे. आगाऊ रक्कम त्यानंतरच पाठवावी. न्याहारीला नारळ आणि मासळी गृहीत धरलेली असते, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी तेही आधीच सांगावे. बहुतेक बेटांवर दारूबंदी आहे.

परवान्यावर बेटांची नावे असतात. विमानतळ अगत्तीला आहे म्हणून अर्जात फक्त अगत्ती लिहिणाऱ्यांना कवरत्तीला जाता येत नाही. जायची सगळी बेटे पहिल्याच अर्जात नमूद करावीत. तारखांचा घोळ बहुधा मे महिन्यात होतो. आपल्याकडे शाळांना सुटी असते तेव्हा तिकडे पावसाळ्याची चाहूल लागून समुद्र खवळू लागतो. त्यापेक्षा दिवाळीनंतरचे दिवस बरे, मात्र त्यासाठी पोलीस पडताळणीचा अर्ज दसऱ्याच्या आधीच टाकलेला असावा, कारण सणांच्या बंदोबस्तात ठाण्यातले कागद हलत नाहीत.

परवान्याच्या दोन छापील प्रती सोबत ठेवाव्यात. बेटावर उतरल्यावर तेथील पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते आणि मोबाइलला रेंज असेलच असे नाही.