चार हजार प्रतींची रेघ

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावच्या वृत्तपत्रात काम करणाऱ्याला किमान वेतन आणि ओव्हरटाइम द्यायला मालक बांधील असतोच असे नाही. केंद्रीय कायद्यानेच तशी सूट दिलेली आहे, आणि ती कायद्याच्या जन्मापासूनची आहे.

२५ जून १९३८ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट’वर सही केली. तासाला किमान २५ सेंट, आठवड्याला ४४ तास आणि त्यापुढच्या कामाला दीडपट मजुरी. यातून सुटली ती ३,०००पेक्षा कमी खपाची साप्ताहिके आणि अर्धसाप्ताहिके. अट एकच, की बहुतेक खप आपल्याच काउंटीत (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात) असावा. मालकच संपादक, तोच जाहिराती आणणारा, हाताखाली दोन-चार माणसे आणि अंक छापून हातावेगळा होईपर्यंत घड्याळाकडे न पाहणारी कचेरी, असे पत्र डोळ्यांपुढे आणले की सूट समजते. दैनिकांना मात्र ती नव्हती.

तेच दुखणे न्यू यॉर्क राज्यातल्या व्हाइट प्लेन्सच्या एका दैनिकाने सर्वोच्च न्यायालयात मांडले. खप ९ ते ११ हजार, त्यातला राज्याबाहेर जाणारा जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे पन्नासेक प्रती. कर्मचाऱ्यांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला होता. आम्ही स्थानिकच, शिवाय साप्ताहिकांना सूट आणि आम्हाला नाही हा भेदभाव, असा मालकाचा युक्तिवाद. १९४६ साली न्यायालयाने तो फेटाळला. पन्नास प्रती असोत, त्या नेमाने राज्याबाहेर जातात ना, मग कायदा लागू. आणि साप्ताहिकांची सूट ही गावातल्या इतर छोट्या धंद्यांच्या बरोबरीने त्यांना आणण्यासाठी आहे, वृत्तपत्रांत दुजाभाव करण्यासाठी नव्हे. (न्या. मर्फी यांनी असहमती नोंदवली.)

न्यायालयात जे मिळाले नाही, ते काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तीन वर्षांनी दिले. १९४९च्या दुरुस्तीने मर्यादा ४,०००वर नेली, दैनिकांनाही आत घेतले आणि शेजारच्या काउंट्यांतला खपही जमेस धरला.

आपल्याकडे १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्याने मोजली ती माणसे: भविष्य निर्वाह निधीची सक्ती वीस किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या वृत्तपत्रांना. प्रतींवर रेघ मारण्याची अमेरिकी तऱ्हा आता मात्र विचित्र वाटते. ४,०००चा आकडा १९४९पासून जागचा हललेला नाही, छापील खप मात्र घसरतो आहे. ४,१००चा खप ३,९००वर आला की त्याच कचेरीतली तीच माणसे केंद्रीय संरक्षणाबाहेर जातात. मग उरतो तो त्या-त्या राज्याचा वेतन कायदा, जिथे तो असेल तिथे.