गर्भावधी मधुमेह : गोळ्यांचा उपचार

गरोदरपणात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. ही तूट स्वादुपिंडाला भरून काढता आली नाही की रक्तातली साखर वाढते. हाच गर्भावधी मधुमेह. आहारातले बदल आणि नियमित चालणे एवढ्यावर बहुतेक स्त्रियांची साखर आटोक्यात येते. एक-दोन आठवडे हे करूनही ती उपाशीपोटी ९५ किंवा जेवणानंतर दोन तासांनी १२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर राहत असेल, तर औषधाचा विचार होतो.

उपचार टाळला तर त्रास बाळालाही होतो. आईची जादा साखर वार ओलांडून बाळाकडे जाते आणि ती जिरवण्यासाठी बाळाचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करू लागते. त्यामुळे बाळाच्या अंगावर चरबी साठते आणि प्रसूतीत खांदा अडकण्याचा धोका वाढतो. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, इन्सुलिन मात्र स्रवतच राहते आणि बाळाची साखर उतरू शकते. म्हणून अशा बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन पहिल्या काही तासांत साखर पुन्हा पुन्हा तपासतात.

इन्सुलिन सहसा वार ओलांडत नाही, त्यामुळे अनेक देशांत पहिली पसंती त्यालाच आहे. पण रोज सुया टोचून घेणे, मात्रा सांभाळणे, साखर अचानक उतरण्याची धास्ती बाळगणे हा भार आईलाच उचलावा लागतो. गोळ्यांची गरज यातूनच पुढे आली, आणि ती केवळ सोयीची बाब म्हणून उडवून लावणे योग्य नाही.

ग्लिबेनक्लामाइड या साखर उतरवणाऱ्या गोळीचा अनुभव सावध करणारा आहे. २००० साली ४०४ स्त्रियांवरील एका चाचणीत ते इन्सुलिनइतकेच उपयुक्त ठरले. नाळेच्या रक्तात ते सापडले नाही, म्हणून बाळापर्यंत पोहोचत नाही असे मानले गेले आणि वापर झपाट्याने वाढला. पुढे अधिक संवेदनशील तपासण्यांत ते नाळेच्या रक्तात स्पष्ट आढळले. २०१८ च्या फ्रान्समधील चाचणीत बाळाचे जादा वजन, साखर उतरणे किंवा कावीळ यांपैकी काही ना काही या गोळीच्या गटात २७.६ टक्के, तर इन्सुलिनच्या गटात २३.४ टक्के बाळांना झाले. ही गोळी इन्सुलिनपेक्षा कमी प्रतीची नाही, असे त्यातून सिद्ध करता आले नाही.

मेटफॉर्मिन या दुसऱ्या गोळीची बाजू अधिक भक्कम आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील ७५१ स्त्रियांच्या चाचणीत (२००८) नवजात बाळांमधील गुंतागुंतींचे एकूण प्रमाण मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन या दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. मेटफॉर्मिनच्या गटात आईचे वजन कमी वाढले आणि बाळांची साखर फार खाली जाण्याचे प्रसंगही कमी आले. मात्र मुदतपूर्व प्रसूती किंचित जास्त झाल्या, आणि ४६ टक्के स्त्रियांना पुढे इन्सुलिनची जोड द्यावी लागली. मळमळ आणि जुलाब हे नेहमीचे त्रास. जेवणासोबत कमी मात्रेपासून सुरुवात केली की ते कमी होतात.

मेटफॉर्मिन वार सहज ओलांडते, त्यामुळे दूरच्या परिणामांचा प्रश्न उरतोच. वरच्या चाचणीतल्या मातांच्या मुलांपैकी काही जणांची पुढे तपासणी झाली, तेव्हा ९ वर्षांच्या वयात काही मापांत मेटफॉर्मिन गटातली मुले थोडी थोराड आढळली. ब्रिटनमध्ये आहार-व्यायाम अपुरा पडल्यावर मेटफॉर्मिन देतात, अमेरिकी मधुमेह संघटना इन्सुलिनलाच प्राधान्य देते. गर्भाची वाढ खुंटलेली असेल किंवा आईला उच्च रक्तदाब असेल, तर मेटफॉर्मिनबाबत विशेष जपावे लागते. निदानावेळीच उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक असल्यास ब्रिटनमध्येही इन्सुलिन लगेच सुरू करतात.

प्रसूतीनंतर औषध बहुधा थांबते. ६ ते १२ आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासतात, कारण टाइप २ मधुमेहाचा तिचा धोका पुढेही वाढलेलाच राहतो.